पोर्टारॅप: दोर खालून धरणाऱ्याच्या नजरेतून, तीन पावसाळ्यांनंतर

झाड उतरवायचं काम चालू असलं की रस्त्यावरचे सगळे लोक मान वर करून बघत असतात. वर चेनसॉ घेऊन लटकलेला माणूस दिसतो, त्याचा हार्नेस दिसतो, भुसा उडताना दिसतो. खाली बुंध्याशी दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे ते काम मी करते. दादा वर, मी खाली, आणि सोबत आमचे मामा व दोन मुलं. नऊ वर्षं पुण्यात आणि कधी कोकणात हेच करतोय. दादानं कापलेली प्रत्येक फांदी, प्रत्येक ओंडका माझ्या दोरावर खाली येतो. म्हणून मी लिहितेय ते चढायच्या सामानाबद्दल नाही. ते सामान ट्रेकिंगवाल्यांमुळे आता पुण्यात सहज मिळतं आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते खाली बुंध्याला बांधायच्या त्या लोखंडी नळकांड्याबद्दल, ज्यावर दोराचे वेढे घालून आपण वजन सोडतो. त्याचं नाव पोर्टारॅप. आधी तीन वेगवेगळ्या गोष्टी वापरून झाल्या, मग ते घेतलं, आणि आता त्याच्यावर तीन पावसाळे काम झालंय.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. शहरात झाड आडवं पाडायला जागाच नसते. खाली पार्किंगचे पत्रे, बाजूला कंपाउंडची भिंत, वर महावितरणची तार, पलीकडे कुणाची तरी बाल्कनी. त्यामुळे शेंड्यापासून सुरुवात करून झाड तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं. वर एक कप्पी बांधायची, तिच्यातून दोर घालायचा, दोराचं एक टोक कापायच्या तुकड्याला, दुसरं खाली. तुकडा सुटला की त्याचं सगळं वजन खालच्या टोकाशी येतं. ते टोक कशावर धरायचं, सगळा प्रश्न एवढाच आहे.

मामांची पद्धत जुनी. दोर सरळ त्याच झाडाच्या बुंध्याला गुंडाळायचा, दोन-तीन वेढे, आणि हातानं ढील देत जायचं. याला मी कधीच नावं ठेवणार नाही. कित्येक वर्षं लोकांनी असंच काम केलंय आणि अजूनही करतात. हलक्या फांद्यांना ते पुरतं. अडचण अशी की प्रत्येक झाडाची साल वेगळी. रेन ट्रीची साल खडबडीत, तिच्यावर दोन वेढे घातले तर दोर पुढे सरकतच नाही, फांदी अधांतरी अडकून बसते. गुळगुळीत खोडावर तेच दोन वेढे सपकन घसरतात. म्हणजे प्रत्येक झाडाशी पहिल्यापासून अंदाज बांधायचा, आणि पहिला तुकडा सुटेपर्यंत तो बरोबर की चूक हे कळत नाही. शिवाय चीक. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आम्ही श्रीवर्धनकडे गेलो होतो. ३ जूनला वादळ किनाऱ्यावर आलं आणि तिथल्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या आणि माड काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. एका घराच्या कौलांवर रेललेला फणस उतरवायचा होता. फणसाच्याच बुंध्याला दोर गुंडाळून आम्ही तो उतरवला. संध्याकाळपर्यंत दोर चिकानं असा माखला की हातमोजे त्याला चिकटून निघत होते. खोबरेल तेल लावून लावून तो साफ केला, तरी पुढे कप्पीतून जाताना अडायचा. शेवटी टाकून दिला. ज्या झाडाला आपण कापतोय त्याच्याच सालीवर आपला दोर घासायचा, यात दोराचं आयुष्य संपतं हे मला त्या फणसानं शिकवलं.

त्यानंतर दादानं गिर्यारोहणातला मोठा आठ आणला, म्हणजे दोरावरून उतरायचं आठाच्या आकाराचं धातूचं साधन, कान असलेला, बचावकामात वापरतात तो. वजनाला हलका, किंमत दोन-अडीच हजार, बुंध्याला स्लिंग, म्हणजे बांधायचा आखूड मजबूत दोर, मारून अडकवायचा आणि सुरू. पन्नास-साठ किलोपर्यंतच्या फांद्या त्याच्यावर मी वर्षभर उतरवल्या. पण आठ दोराला पीळ घालतो. दिवसाच्या शेवटी दोराची अशी गुंडाळी व्हायची की तो उलगडायला एक माणूस लागायचा, आणि पिळलेला दोर वरच्या कप्पीशी गुंतला तर दादाला काम सोडून तो सोडवत बसावं लागे. दुसरं म्हणजे तो छोटासा, त्यामुळे लगेच तापतो. एकदा सलग चार ओंडके सोडल्यावर मी हातमोजा काढून त्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. साध्या दुकानातला पॉलीप्रॉपिलीनचा दोर साधारण १६५ अंशांना वितळतो, पॉलिएस्टरचा २५० च्या पुढे. आमच्याकडे तेव्हा दोन्ही होते आणि घाईत कुठला हातात येईल याचा नेम नव्हता. पिवळ्या दोराच्या अंगावर काचेसारखी चकाकी दिसायला लागली तेव्हा मी आठ वापरणं बंद केलं. ती चकाकी म्हणजे वरचे धागे वितळून पुन्हा थिजलेले असतात. असा दोर बाहेरून धड दिसतो आणि भार आला की दगा देतो. आठ माणसाचं वजन उतरवायला बनलेला आहे. लाकडाचं वजन माणसासारखं शांतपणे लटकत नाही.

तिसरी गोष्ट लिहिताना अजून त्रास होतो. पोर्टारॅपच्या फोटोवरून बनवलेली एक नक्कल आम्ही ऑनलाइन मागवली. नऊ हजार रुपये. चकचकीत पावडर कोटिंग, खोक्यावर मोठ्या अक्षरात एक टन. नळकांड्याला आडव्या बसवलेल्या खिळीच्या मुळाशी वेल्डिंगचा एक थेंब राहून गेला होता, मुगाच्या दाण्याएवढा. रंगाखाली तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पेल्टोफोरमची फांदी सोडताना दोरातून कापड फाटल्यासारखा आवाज आला. फांदी जमिनीला टेकली, कुणाला काही झालं नाही. दोर तपासला तर दीड हात लांबीत वरचं आवरण सोललं गेलं होतं, आतला पांढरा गाभा उघडा. विकणाऱ्याला फोटो पाठवले, दोनदा फोन केला. उत्तर आलं नाही. मी त्यात पैशांसाठी रडत नाही. दादा त्या वेळी तिसाव्या फुटावर होता आणि त्याच झाडाला स्वतःला बांधून होता. तेव्हापासून कुठलीही वस्तू आली की मी आधी तिच्यावरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवते, सगळ्या कडांवरून, सगळ्या जोडांवरून. कुठे अडकला तर ती वस्तू झाडाजवळ जात नाही. तुम्हीही हे करा. दोन मिनिटं लागतात.

खरं पोर्टारॅप मग बाहेरून मागवलं, ओळखीतला एक जण येणार होता त्याच्या सामानातून. मोठ्या मापाचं, पोलादी. सगळं धरून चाळीस हजारांच्या जवळ गेलं. आमच्यासाठी ही मोठी रक्कम होती, त्या वर्षी दुसरी चेनसॉ घ्यायची ठरली होती ती पुढे ढकलली. वस्तू बघून घरी कुणाचा विश्वास बसला नाही की या नळीला एवढे पैसे. खरोखर ती एक नळीच आहे. जाड पोलादी नळकांडं, एका टोकाला कडं, तिथेच आडवी खिळ, खालच्या टोकाला दुसरी आडवी खिळ. हलणारा एकही भाग नाही. स्प्रिंग नाही, दात नाहीत, तेलपाणी नाही. वजन चार-पाच किलो. अंगावर २,००० पौंडांची मर्यादा कोरलेली, म्हणजे ९०७ किलो. सगळे जोड बोटाला लागत नाहीत इतके सफाईदार.

स्लिंगनं ते बुंध्याला छातीच्या उंचीवर बांधायचं. वरून येणारा दोर मध्येच दुमडायचा, तो दुमडलेला पेर कड्यातून घालून खिळीवर चढवायचा आणि मग नळकांड्यावर हवे तितके वेढे. दोराचं टोक शोधायला लागत नाही, ही गोष्ट वापरल्याशिवाय कळणार नाही इतकी महत्त्वाची आहे. आमचा दोर ६० मीटरचा आहे. बुंध्याला गुंडाळायचा तर प्रत्येक वेढ्याला सगळं भेंडोळं बुंध्याभोवती फिरवावं लागायचं, मामा एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं. इथे मी एकटी, एका जागी उभी राहून, पाच सेकंदांत वेढा वाढवते किंवा काढते. दिवसात साठ-सत्तर तुकडे उतरतात तेव्हा या पाच सेकंदांचा हिशेब संध्याकाळी पाठीला कळतो.

आता वेढ्यांचं. याचं गणित मला आमच्या क्लबमधल्या एका सरांनी वहीवर काढून दिलं होतं आणि ते पान अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. प्रत्येक पूर्ण वेढ्याला हातावर येणारा ओढा ठरावीक पटीनं घटतो. दोर आणि पोलाद यांच्यातला घर्षणांक ०.२ धरला तर ती पट साधारण साडेतीन येते. दोराला १५० किलोचा ओढा असेल तर एका वेढ्याला हातावर ४३ किलो, दोन वेढ्यांना १२, तीन वेढ्यांना साडेतीन किलो. बघा, दोनाचे तीन झाले तर बारा किलोचं साडेतीनवर आलं. म्हणून अर्धा वेढा कमीजास्त करणं याला फार अर्थ आहे. नळकांडं नेहमी तेच, पोलाद तेच, दोर तोच, त्यामुळे माझ्या हाताला आता सवय झाली आहे. पानांसकट हलकी फांदी असेल तर एक. हाताएवढी जाड फांदी, दोन. खोडाचा ओंडका, अडीच ते तीन. झाड बदललं तरी हा अंदाज बदलत नाही. बुंध्यावर गुंडाळायच्या काळात मला हे कधी मिळालं नव्हतं. चाळीस हजार मी या एका गोष्टीसाठी पुन्हा देईन.

गेल्या मे महिन्यातलं एक काम सांगते. कर्वेनगरच्या एका सोसायटीतला रेन ट्री, बुंध्याशी कुजलेला, मुळाजवळ तळहाताएवढ्या अळंब्या आलेल्या. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी सोसायटीनं आणली होती, कागद खोडाला चिकटवलेला. खाली पार्किंगवर सिमेंटचे पत्रे, आणि पत्र्यांपासून खोड जेमतेम चार फुटांवर. फांद्या दोन दिवसांत उतरल्या. तिसऱ्या दिवशी नुसतं खोड राहिलं, आणि खोड उतरवणं सगळ्यात अवघड, कारण आता कप्पी तुकड्याच्या वर बांधायला काही उरलेलं नसतं. कप्पी कापाच्या खाली येते. तुकडा आधी खाली पडतो आणि मग दोर त्याला पकडतो. दादानं वरून माप सांगितलं, जाडी ४५ सेंटिमीटर, लांबी १२० सेंटिमीटर. ओलं लाकूड मी घनमीटरला ९०० किलो धरते, म्हणजे तो ओंडका १७० किलोंच्या पुढे.

इथे दोन रस्ते असतात. दोर घट्ट धरला तर ओंडका एकदम थांबतो. हळू सोडत गेलं तर तो पळत पळत थांबतो. समजा शंभर किलोचा तुकडा दोर ताणेपर्यंत एक मीटर पडला. तो पुढच्या अर्ध्या मीटरात थांबवला तर त्या वेळात दोरावर सरासरी तीनशे किलोचा ओढा येतो. दोन मीटर पळू देऊन थांबवला तर दीडशेचा. क्षणभराचा सर्वांत मोठा झटका याहूनही जास्त असतो. आणि कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढतात, म्हणून तिथे दुप्पट, सहाशे किंवा तीनशे. ती कप्पी ज्या खोडाला बांधलेली, त्याच खोडाला दादाही बांधलेला. आणि या झाडाचा बुंधा कुजका.

मी अडीच वेढे घेतले. दोराचं भेंडोळं ताडपत्रीवर सरळ पसरलं, पायाशी एकही फास राहणार नाही असं. ओंडका येईल त्या रेषेतून बाजूला उभी राहिले, चामड्याचे हातमोजे, दोर हाताला गुंडाळलेला नाही. "तयार?" वरून. "तयार, सोड." कट फुटताना जो कडकड आवाज येतो तो आला, ओंडका कलला, आणि दोर एकदम ताठ झाला. नळकांडं, जे तोवर स्लिंगवर खाली लोंबत होतं, उसळी घेऊन वर उभं राहिलं. मी मुठीतून दोर पळू दिला. त्याचा सर्रर्र आवाज आणि तापलेल्या धाग्यांचा तो किंचित करपट वास. दीड-दोन मीटरांत मूठ आवळत आणली आणि ओंडका पत्र्यांच्या पातळीच्या वीतभर वर येऊन थांबला. मामांनी ओंडक्याला बांधलेल्या ताणाच्या दुसऱ्या दोरानं त्याला बाजूला ओढला, मग मी त्याला जमिनीवर अगदी आईनं मूल पाळण्यात ठेवावं तसा टेकवला. वर बघितलं. खोड हललं होतं, पण थोडंच, आणि दादा एक हात वर करून उभा होता. आमच्याकडे त्याचा अर्थ ठीक आहे. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी तेवढ्यात चहा पाठवला.

त्या दिवशी असे अकरा ओंडके उतरले. पत्र्याला ओरखडा नाही. मी आठावर हे केलं नसतं आणि सालीवर करायला तयारही झाले नसते, कारण या कामात दोर पळताना मध्येच अडकला तर तो घट्ट धरल्यासारखाच होतो.

आता त्रुटी. त्या आहेत, आणि घेण्याआधी माहीत असलेल्या बऱ्या.

सगळ्यात मोठी ही की यानं दोर सहज ताणून घेता येत नाही. तुकडा कापायच्या आधी कप्पी आणि तुकडा यांच्यामध्ये दोराचा ढिलेपणा असतो, तो जितका कमी तितका ओंडका कमी पडतो. पोर्टारॅपवर तो ढिलेपणा काढायचा म्हणजे एका हातानं वरचा दोर खाली ओढायचा आणि दुसऱ्यानं वेढ्यांमधून तो पुढे घ्यायचा. तीन वेढे असले की हे चांगलंच झोंबतं. आम्ही उपाय काढलाय. आधी एकच वेढा घालून मी आणि मामा मिळून दोर ताणून घेतो, मग मी बाकीचे वेढे चढवते. तरी कापणाऱ्याला वर मिनिटभर थांबावं लागतं.

दुसरी, भार नसताना ते स्लिंगवर मरगळल्यासारखं लोंबतं आणि भार आला की उसळतं. ती उसळी म्हणजे ओंडक्याचं दहा-बारा इंच जास्तीचं पडणं. स्लिंग बुंध्याला जितकी घट्ट आवळाल तितकी ती कमी होते. आम्ही आता बुंध्यावर गाय बांधतात तशी दुपदरी गाठ मारून वर आणखी एक फेरा घेतो. नवीन मुलांना मी सांगते की स्लिंग सैल दिसली तर मला न विचारता काम थांबवा.

तिसरी, दोर अडकवून ठेवायची सोय खास नाही. खिळीवर दोन अर्धगाठी मारून ठेवावं लागतं. जमतं, पण हाताला शिकवावं लागतं, आणि भार असताना ती गाठ सोडताना सुरुवातीला भीती वाटते. नवीन माणसाला आधी जमिनीवर, पाण्याचा वीस लिटरचा कॅन लटकवून शिकवा.

पोलादी की ॲल्युमिनियम, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, दिवसभर झाडापासून झाडाकडे न्यायचं असेल तर खांद्याला बरं. पण ते मऊ आहे. दोरात वाळू किंवा माती गेली की ते खरवडलं जातं, आणि आपल्याकडे दोर स्वच्छ राहतो असं काम मी पाहिलेलं नाही. पोलादी जड आहे आणि पावसात गंजतं. आमच्यावरचा रंग वेढ्यांच्या जागी पहिल्या वर्षातच गेला. पावसाळ्यात काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवावं लागतं. ग्रीस किंवा तेल तिथे चुकूनही लावू नका, त्या जागेचं घर्षण हेच तर आपलं भांडवल आहे. एवढं पाळलं तर तीन पावसाळ्यांत त्यात काही बिघडलेलं नाही. जिथे वेढे पडतात तो पट्टा उलट आरशासारखा गुळगुळीत झालाय.

नुसतं नळकांडं घेऊन काम भागत नाही, हे दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगते. त्याच्यासोबत दोर हवा, तोही पॉलिएस्टरचा, दुहेरी विणीचा. बाजारातला पिळाचा नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि भिजला की त्याची ताकद घटते. आमचा १६ मिलिमीटरचा आहे, तुटण्याची मर्यादा सात टनांच्या आसपास. सात टन वाचून हुरळून जाऊ नका. गाठीत ताकद जाते, कप्पीच्या वळणावर जाते, उन्हानं जाते. आम्ही एक दशांशच धरतो, म्हणजे सातशे किलो. वरचं पावणेदोनशे किलोच्या ओंडक्याचं उदाहरण आठवा, त्याच्या तिप्पट सरासरी ओढाच सरळ पाचशेच्या वर जातो. फार जागा राहत नाही. म्हणून तुकडा लहान कापायला सांगण्याचा अधिकार खालच्या माणसाला असला पाहिजे. आमच्याकडे आहे. मी "लहान कर" म्हटलं की दादा वाद घालत नाही.

वर कप्पी चांगली असावी. आम्ही दोन वर्षं झाडाच्याच बेचक्यातून दोर घालायचो, तिथेही घर्षण होतं, पण ते किती हे सांगता येत नाही. मग खालचा सगळा अंदाज बिघडतो. कप्पी आली तेव्हाच माझं वेढ्यांचं गणित जुळायला लागलं. हल्ली कप्पीऐवजी स्लिंगला ओवलेली गोल गुळगुळीत ॲल्युमिनियमची कडी मिळतात. ती हलकी आहेत, वर थोडं घर्षण करतात म्हणून तिथला भार कमी होतो आणि खाली अर्धा वेढा कमी लागतो. फांद्यांच्या कामाला आम्ही ती वापरतो. खोडाला अजून मोठी कप्पीच.

एक पायरी वरची वस्तू म्हणजे जीआरसीएस. त्यात बुंध्याला पट्ट्यांनी आवळायची चौकट असते आणि तिच्यावर शिडाच्या बोटींवर वापरतात ती हार्केन कंपनीची विंच. त्यावर ढिलेपणा काढता येतो, आणि ओंडका आधी वर उचलून मग बाजूला घेता येतो. छपरावर रेललेल्या झाडाला याच्यासारखं दुसरं काही नाही. आम्ही भाव काढला, वाहतूक आणि ड्युटी धरून तो तीन लाखांच्या घरात गेला. वजनही एवढं की दोघांनी उचलायचं. महिन्याला मोठी दोन-चार खोडं करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते परवडत नाही. महापालिकेची मोठी कंत्राटं घेणाऱ्यांनी मात्र जरूर विचार करावा. माणसं तुमची वर लटकलेली असतात.

कोकणात याचा उपयोग किती, हे तिकडच्या दोघातिघांनी विचारलंय. माड उतरवताना झावळ्या आणि नारळ यांना याची गरज नाही, पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, ते नेहमीप्रमाणे सोडतील. पण घराला लागून असलेला म्हातारा माड तुकड्यांनी काढायचा असेल तर त्याच माडाला कप्पी बांधताना फार जपा. माडाचं कठीण लाकूड कडेला असतं आणि गाभा मऊ. वादळानं हललेल्या माडाच्या मुळांचा भरवसा नसतो. शेजारी जिवंत, धडधाकट आंबा असेल तर कप्पी आणि पोर्टारॅप दोन्ही त्या आंब्याला बांधा. ते कुठल्याही बुंध्याला बांधता येतं, कापायच्याच झाडाला बांधायला हवं असं नाही, आणि मला वाटतं हा त्याचा सर्वात कमी सांगितला जाणारा गुण आहे.

पैसे बेताचे असतील तर माझा क्रम असा राहील. आधी दोर. मग कप्पी आणि दोन चांगल्या स्लिंग. मग पोर्टारॅप, मधल्या मापाचं मिळालं तरी चालेल, फक्त तुमचा दोर त्यावर बसतो का ते पाहून घ्या. दुसरी चेनसॉ याच्यानंतर. तोवर बुंध्यालाच वेढे घालणार असाल तर हलक्या फांद्यांवर थांबा आणि खोडाचं काम ज्याच्याकडे सामान आहे त्याला द्या. नकलेच्या वाटेला जाऊ नका, आणि गेलातच तर पायमोजा विसरू नका.

आमच्या दोराचं आवरण शेवटच्या दहा मीटरांत आता बोंडासारखं फुललंय. या पावसाळ्याआधी तेवढा भाग कापून टाकायचाय. मामा म्हणतात त्याचा गोठ्यात उपयोग होईल. तिथे तो चालेल.